चाळीस पेट्यांची खोली

परळ-लालबागच्या जुन्या चाळीतल्या जेमतेम दीडशे चौरस फुटांच्या खोलीत तीस-चाळीस पुरुष राहत असत, असं सांगितलं की ऐकणारा आधी विचारतो, मग झोपत कुठे होते? सगळे एका वेळी झोपतच नव्हते. गिरणी पाळ्यांत चाले. सकाळच्या पाळीची माणसं बाहेर पडली की रात्रीची पाळी संपवून आलेली माणसं त्याच जागेवर आपली वळकटी सोडत. उरलेले गॅलरीत, जिन्याच्या वळणावर, पाऊस नसेल तर फुटपाथवर. खोलीत ज्याची त्याची म्हणावी अशी जागा म्हणजे भिंतीला लागून रचलेली एक पत्र्याची पेटी आणि वर एक खुंटी.

कोकणातले लोक हिला गावकीची खोली किंवा बैठकीची खोली म्हणत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा-चंदगडकडच्या कामगारांत ‘गावचा गाळा’ हे नाव चाले. भिंतीवर ‘अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ अशी पाटी, शेजारी ग्रामदेवतेची तसबीर आणि कुणाच्या तरी पेटीत कुलपात ठेवलेली हिशेबाची वही. गिरणगावातले संप, पुढारी आणि मालक यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या वहीकडे मात्र अभ्यासकांचं लक्ष उशिरा गेलं. गिरणगावचं भजन, नाटक, तालीम, उत्सव, अगदी संपसुद्धा, ज्या विश्वासावर चालत त्याची नोंद त्या वहीतच होती.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला चात्या फिरू लागल्या. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत या धंद्याने कोकण आणि घाट दोन्हीकडची तरणी माणसं ओढून घेतली. १९२१च्या जनगणनेत मुंबईतल्या दर शंभरांपैकी ८४ जण शहराबाहेर जन्मलेले निघाले. दर हजार पुरुषांमागे बायका होत्या जेमतेम सव्वापाचशे. या दोन आकड्यांत त्या खोलीचं सगळं कारण आलं. पगारात शहरात बिऱ्हाड परवडत नव्हतं आणि गावचा जमिनीचा तुकडा सोडवत नव्हता. त्यामुळे बायको-मुलं गावी आणि कमावता माणूस इथे, असा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला.

कोकणातून आलेला पोरगा बोटीतून भाऊच्या धक्क्यावर उतरे तेव्हा त्याच्या खिशात खोलीच्या पत्त्याची चिठ्ठी असे. पत्त्यावर पोचला की निजायचा प्रश्न सुटला. नोकरीचा सुटत नसे. नवा माणूस ‘बदली’ म्हणून लागे. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, एखादा कामगार गैरहजर असला तर मुकादम त्याच्या जागी आत घेणार, नाहीतर आल्या पावली परत. महिन्यात किती दिवस काम मिळेल याचा भरवसा नाही अशा माणसाला भाड्याने खोली कोण देणार? गावची खोली देत असे. वर्गणी थकली तर नावापुढे बाकी मांडली जाई आणि माणूस कायम झाला की तो ती फेडून टाकी. मुकादमाच्या कानावर नाव घालणाराही बहुधा खोलीतलाच कुणी जुना कामगार असे.

हे सगळं गावच्या मायेपोटी होत असे, असं म्हणणं सोपं आहे. माया असेलही. पण नुसत्या मायेवर चाळीस माणसं एका खोलीत महिनाभरसुद्धा राहू शकत नाहीत. तिथे नियम होते. पगार झाला की बैठक बसे. खजिनदार वही उघडे, वर्गणी गोळा होई, झाडलोटीच्या नि पाणी भरण्याच्या पाळ्या लागत. दारू पिऊन धिंगाणा घातला, मारामारी केली, तर दंड. दंड भरला नाही तर पेटी बाहेर. पेटी बाहेर गेलेल्या माणसाची बातमी पुढच्या टपालाने गावात पोचे, आणि हा दंड पैशांच्या दंडापेक्षा फार जड होता. बाहेर सावकाराचा दर रुपयाला महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के, असा सर्रास चाले. खोलीचा फंड आणि भिशी हा त्यावरचा उतारा होता. आजारी पडलेल्याला इस्पितळात कुणी न्यायचं, मेलेल्याचं क्रियाकर्म कुणी करायचं आणि त्याची पेटी गावी कुणी पोचवायची, हेही तिथेच ठरत असे.

फंडाचा दुसरा वाटा गावाकडे जाई. गावच्या शाळेचं छप्पर, देवळाचा गाभारा, ओढ्यावरचा साकव यांच्या बांधकामात ‘मुंबईकर मंडळा’चा पैसा असे, आणि मग गावच्या कारभारात मुंबईकरांचा शब्दही असे. पालखी कुणाच्या दारात आधी जायची या वादाचा निकाल परळच्या खोलीत लागल्याची उदाहरणं कोकणात गावोगाव ऐकायला मिळतात. म्हाताऱ्या खोताला हे कितपत रुचत असेल याची कल्पना करता येते.

रे ओल्डेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८९ साली ‘तिसरी जागा’ अशी कल्पना मांडली. घर ही पहिली जागा, कामाचं ठिकाण दुसरी, आणि जिथे माणसं नुसती भेटायला, गप्पा मारायला जमतात तो कॅफे, केशकर्तनालय, गुत्ता ही तिसरी. तिसऱ्या जागा आटल्या की समाज एकलकोंडा होतो, असं त्याचं म्हणणं. ते अमेरिकेच्या उपनगरांपुरतं बरोबरही असेल. गिरणगावात मात्र हा क्रमच लागू पडत नाही. तिथे पहिली जागा शंभर कोसांवर होती, दुसरीत सूत आणि कोंडलेली हवा, आणि जी काही तिसरी होती तिच्यातच माणूस जेवायचा, झोपायचा, आजारी पडायचा आणि ढोलकी शिकायचा.

अशीच सोय मुंबईत गोव्याच्या लोकांनीही केली होती, आणि तिचं नाव होतं कूड. गोव्याचे ख्रिस्ती तरुण एकोणिसाव्या शतकापासून बोटींवर नोकरी धरत. या तारवट्यांना एक करार संपून दुसरा मिळेपर्यंत आठवडे, कधी महिने मुंबईत काढावे लागत. धोबीतलाव, कावेल, माझगाव या भागांत गावोगावच्या कुडी निघाल्या. धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीत तर एकाच जिन्यावर अनेक गावांचे क्लब. रचना तीच, गावकीच्या खोलीची सख्खी बहीण शोभावी अशी. भिंतीला लागून ट्रंका, रात्री चटया, महिन्याची माफक वर्गणी, लेखी नियमावली. ग्रामदेवतेच्या तसबिरीच्या जागी गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तेर्साला गैरहजर राहण्याची मुभा सहजासहजी मिळत नसे. गावच्या फेस्ताचा दिवस कुडीतही साजरा होई. एकमेकांची भाषा, धर्म, जेवण वेगळं असलेल्या या दोन समाजांनी एकमेकांचं पाहून हे केलं असं म्हणायला पुरावा नाही. अडचण सारखी होती, म्हणून वहीही सारखी निघाली.

खोलीचं दार उघडलं की गॅलरी. खासगी चाळींत ती रस्त्याकडे किंवा चौकाकडे असे. सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ इमारती बांधल्या, त्या बीडीडी चाळींत गॅलरीऐवजी दोन्ही बाजूंच्या दारांमधून जाणारा लांब बोळ होता. खोल्या १६० चौरस फुटांच्या, संडास सामाईक. बोळ काय नि गॅलरी काय, भांडणं तिथेच, लग्नाची पंगत तिथेच आणि वर्तमानपत्राचं वाचनही तिथेच. एकाने मोठ्याने वाचायचं आणि अक्षरओळख नसलेल्या दहा-बाराजणांनी ऐकायचं, मध्ये मध्ये वाचणाऱ्यापेक्षा जास्त बोलायचं, अशी पद्धत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ साली काढलेलं ‘नवाकाळ’ गिरणगावात असं कानांनी वाचलं गेलं. त्याचा खप मोजताना एका अंकामागे दहा कान कुणी धरले नसतील.

नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने याच वस्तीत रात्रशाळा आणि मोफत वाचनालयं काढली. परळचं दामोदर नाट्यगृह त्या संस्थेच्याच आवारात उभं राहिलं आणि पुढे कामगारांच्या नाटकांचं, कोकणातल्या नमन-दशावताराचं हक्काचं घर झालं. नाटकात काम करणारा दिवसभर साच्यावर उभा असे. तालमी खोलीत, रातपाळीवाले झोपलेले असले तर गच्चीवर. नाटकाचा खर्च तिकिटांतून निघेलच असं नव्हतं. तेव्हा पुन्हा वही. गणपतीच्या वर्गणीतून उरलेले पैसे नाटकाला, नाटकातून उरले (ते क्वचितच उरत) तर गावच्या शाळेला. मंडळाच्या हिशेबात कला, देव आणि शिक्षण असे वेगळे रकाने फारसे नसत, आणि तेच बरं होतं. नाटकासाठी म्हणून वेगळे पैसे कुणी दिले असते असं वाटत नाही.

लालबागच्या गणपतीची जन्मकथाही जागेचीच आहे. १९३२च्या सुमारास पेरू चाळीजवळचा बाजार बंद झाला आणि तिथले कोळी व किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. कायमची बाजारपेठ मिळावी म्हणून त्यांनी नवस केला. जागा मिळाली आणि १९३४पासून तिथे गणपती बसू लागला. आज रांगेत चोवीस तास उभ्या राहणाऱ्या भाविकाला ही गोष्ट ठाऊक असतेच असं नाही. हा ‘लालबागचा राजा’ मूळचा मासे-भाजी विकणाऱ्यांच्या बाजाराचा.

हे चित्र इथवर आलं की ते फार गोड होऊ लागतं आणि त्याची दुसरी बाजू मांडावीच लागते. गावकीची खोली गावाची म्हणत, पण गाव म्हणजे बहुतेक वेळा गावातली एक जात किंवा एक वाडी. कोकणातून आलेल्या दलित कामगारांना त्या खोलीचा उंबरा ओलांडता येत नसे. त्यांच्या खोल्या वेगळ्या, चाळीही बहुधा वेगळ्या, गिरणीत पाणी प्यायची भांडीसुद्धा वेगळी. साचा खात्यात धोट्यातलं सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, एवढ्या कारणावरून चांगल्या पगाराच्या त्या खात्यात त्यांना घेत नसत. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षं राहिलेले, तेव्हा चाळीतल्या एकोप्याची गाणी त्यांना कुणी ऐकवण्याची गरज नव्हती. दलित कामगारांनी आपल्या पंचायती, आपले फंड, आपली मंडळं उभी केली. त्यांच्याही वह्या होत्या आणि त्यांतून झालेलं काम कमी नव्हतं. पण एकाच गावच्या दोन वह्या एकाच शहरात शेजारी शेजारी चालत राहिल्या आणि एकमेकींना कधी मिळाल्या नाहीत.

आणि बायका? गावकीच्या खोलीत त्यांना जागाच नव्हती. कुडीतही बहुतेक ठिकाणी नव्हती. पण या पुरुषांना जेवू कोण घालत होतं, हा प्रश्न विचारला की दुसराच नकाशा दिसू लागतो.

खोलीत स्वयंपाक क्वचित होई. जेवण खानावळीत. आणि खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. चाळीतली एखादी बाई, बहुधा विधवा, किंवा नवऱ्याचा पगार पुरत नाही अशी, आपल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात दहा, वीस, कधी त्याहून जास्त ‘मेंबरां’ना जेवू घाली. भाकरी, भात, आमटी, सुकट किंवा बोंबील, रविवारी जमलं तर मटण. पहिल्या पाळीचा डबा द्यायचा म्हणून पहाटे चूल पेटे आणि दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्रीनंतर जेवून गेल्यावर भांडी घासून होत. मेंबर पैसे देणार पगारानंतर. वाण्याचा माल मात्र आधी उचलायचा, चढ्या भावाने आणि वर व्याजाने. मेंबर गावी गेला की खाडे धरायचे. म्हणजे धंद्यात भांडवल बाईचं, जोखीम बाईची, आणि नफा वाण्याचा.

सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात गिरण्यांचा संप झाला तेव्हा पगार थांबले, पण या बायकांनी जेवण थांबवलं नाही. दागिने गहाण पडले, भांडी मोडीत गेली, मेंबर जेवत राहिले. संपाचं नेतृत्व करणाऱ्या युनियनच्या हिशेबात हा खर्च कुठेच नव्हता. प्रेमा पुरव यांनी तो पाहिला. त्या मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्ती लढ्यात तरुणपणी उतरलेल्या आणि नंतर मुंबईत डाव्या कामगार चळवळीत काम करणाऱ्या. १९७५ साली त्यांनी खानावळवाल्या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९६९ साली १४ बँका राष्ट्रीयीकृत झाल्या होत्या आणि गरिबांना कर्ज देणं हे त्यांचं काम आहे असं सरकार म्हणत होतं. पुरवबाईंनी बँकेला त्या शब्दावर धरलं. तारण ठेवायला बायकांकडे काही नव्हतं, तेव्हा बायकांचे गट केले आणि एकीला दुसरीने जामीन राहायचं असं ठरवलं. वाण्याच्या व्याजातून सुटका झाली की त्याच खोलीत त्याच भाकऱ्यांवर दोन पैसे उरू लागले. अहमदाबादला ‘सेवा’ची बँक १९७४ साली निघाली होती, महंमद युनूस यांचा बांगलादेशातल्या जोब्रा गावातला प्रयोग १९७६चा. पुढे सूक्ष्म कर्ज या नावाने जगभर गाजलेली गोष्ट गिरणगावातल्या चुलीपुढे त्याच सुमारास घडत होती, एवढं नोंदवायला हरकत नाही. पुरवबाईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

पण कर्ज ही यातली अर्धीच गोष्ट. खानावळवाली पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चुलीपुढे असल्याने शेजारच्या चाळीतल्या दुसऱ्या खानावळवालीला ती ओळखतच नव्हती. ओळखत असली तर प्रतिस्पर्धी म्हणून. गटाच्या बैठकीने तिला पहिल्यांदा घराबाहेर बसायला जागा दिली. नवऱ्याची मारहाण, मुलीची शाळा, रेशनचं धान्य हे विषय हप्त्यांच्या हिशेबाच्या मागोमाग आपोआप निघाले. गावकीच्या खोलीने पुरुषांना जे दिलं होतं ते बायकांना इतक्या उशिरा आणि बँकेच्या निमित्ताने मिळालं.

गिरगावात अन्नपूर्णा मंडळाच्या आधी सोळा वर्षं आणखी एक वही सुरू झाली होती. १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती बायकांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. भांडवल उसने घेतलेले ८० रुपये, पहिल्या दिवसाचा माल चार पाकिटं. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक. ‘लिज्जत’ हे नाव १९६२ साली आलं. आज चाळीस हजारांहून जास्त बायका त्यात आहेत, पण पद्धत मूळचीच: पीठ शाखेत मळलं जातं, लाट्या मोजून घरी न्यायच्या, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे, प्रत्येक जण ‘बहेन’ आणि प्रत्येक जण भागीदार. देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. गच्ची सामाईक होती म्हणून हे झालं. प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात ते झालं नसतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गावाहून तांदळाची पोती खोल्यांत येऊ लागली; पूर्वी पैसा मुंबईहून गावी जाई, आता धान्य गावाहून मुंबईला. साठ-सत्तर वर्षांची देवघेव अशी उलटी वळली. मग तीही आटली. माणसं गावी परतली, काहींनी वसई-विरार, नालासोपारा, दिवा गाठलं. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. बीडीडी चाळींच्या जागी आता १६० ऐवजी ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत, आणि आयुष्यभर सामाईक संडासापुढे रांग लावलेल्या कुणालाही त्याबद्दल हळहळ वाटण्याचं कारण नाही. चाळीच्या आठवणीने गहिवरणारे लेखक बहुतेक करून चाळ सोडून गेलेलेच असतात.

तरी अनेक गावांच्या खोल्या अजून आहेत. इस्पितळात दाखवायला आलेला म्हातारा, स्पर्धा परीक्षेला आलेली मुलं आजही तिथे उतरतात. कुडींतही बोटीवर जाणाऱ्यांच्या जोडीला टाटा हॉस्पिटलमध्ये उपचारांसाठी आलेले गोंयकार राहतात. पण इमारत पुनर्विकासाला निघाली की एक जुना प्रश्न वर येतो. खोली गावाची असली तरी भाडेपावती कुणाच्या नावावर? शंभर वर्षांपूर्वी मालकाला एक नाव हवं होतं, म्हणून गावातल्या एका भरवशाच्या माणसाचं दिलं गेलं. तो वारला, त्याचा मुलगाही वारला, आणि नातवाच्या हाती आता बाजारभावाने कोट्यवधीचा कागद आहे. ज्या मंडळांनी वेळेवर नोंदणी करून पावती मंडळाच्या नावावर करून घेतली ती निर्धास्त आहेत. बाकीच्यांच्या बैठका हल्ली नालासोपाऱ्याला कुणाच्या तरी घरी भरतात, देवळाच्या जीर्णोद्धाराचा विषय पुढच्या महिन्यावर जातो, आणि कुणाला तरी जुन्या वह्या शोधायला पाठवलं जातं, कारण चाळीस माणसांनी वर्षानुवर्षं वर्गणी भरल्याचा पुरावा दुसरीकडे कुठेच नाही.